रजिस्टरातलं गाव

या बाप्पा, जवळ सरकून बसा. बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात, तसं एक लहानसं आख्यान सांगतो. अठ्ठ्याहत्तर साल, नागपुरातल्या दवाखान्याची केसपेपरची खिडकी. रांगेत प्रयागबाई होती. तिच्यापुढे वच्छला, हगवण-उलटीनं गळालेल्या सासूला बाकावर निजवून आलेली.

"पत्ता?"

"धरमपेठ."

बाबू पेनात शाई भरायला वळला, तशी प्रयागबाईनं वच्छलेला हटकलं.

"खोटं काहून सांगतं वं पोरी? आत्ताच त म्हने, गावाहून आलो."

"हळू बोल ना मावशी. धरमपेठेत नणद राह्यते. खेड्याचं नाव सांगितलं त भरतीच करत नाहीत म्हने."

"मलेबी असंच सांगितलं होतं. चार सालाआधी माह्या सुभद्रेले अशीच हगवण लागली, तवा मी भावाचा पत्ता देल्ला, प्रताप नगर. पोरगी बरी झाली."

"मंग?"

"मंग रजिस्टर पाहून दवाखान्याची मानसं प्रताप नगरातल्या विहिरींत दवा टाकत फिरली. भावानंच सांगितलं. आमच्या विहिरीकडं कोनी आलंच नाही. शेजारची रुखमा, सात महिन्यांची पोटुशी, उन्हाची दारात आली. मीच तिले त्याच विहिरीचं तांब्याभर पानी देल्लं."

"अन्?"

"रातीच हगवण लागली. दवाखान्यावरी पोचलीच नाही थे, वाटंतच गेली. तिचं नाव कोन्त्याच रजिस्टरात नाही."

"हं, बाई. धरमपेठच ना? लाईन वाढून राहिली."

"नाही साहेब, खोडा थे. मुक्काम उमरखोरी, बुटीबोरीच्या पल्याड. विहीर एकच हाय, मारुतीजवळची."

"विहीर कोनं विचारली?"

"लिहा त!" दोघी एकदमच बोलल्या.

बाप्पा, आज देवापुढं दिवा लावाल, तेव्हा त्या रुखमेची तेवढी आठवण ठेवा.