धानाच्या थप्पीपलीकडे

देवाजी: पहिले शिडी धर बरोबर, मंग भांड माह्यासंगं.

मेघा: धरली आहे जी. पण खरं सांगा मामाजी, गोपीचंद शेठला फोन काहून लावला तुम्ही?

देवाजी: कोन सांगतलं तुले?

मेघा: त्यांचाच फोन आला आता. म्हणे, जेवण झालं की गाडी घेऊन येतो, धान उचलतो. मी म्हटलं, कोणतं धान?

देवाजी: माजघरातलं. आनखी कोनतं हाये आपल्याजवळ? तो पाइप दे वरतं.

मेघा: नाही देत. सरकारी खरेदी केंद्र उघडल्याशिवाय एक पोतं हलवणार नाही, असं दिवाळीपासून कोण म्हणत होतं? गावभर सांगत फिरले तुम्ही. व्यापारी पडत्या भावात घेतो, हेही तुम्हीच सांगितलं मला.

देवाजी: सांगतलं असन. मानसानं बोलनं बदलूच नाई का? सून पुण्याची, अन् दिमाग वकिलाचा.

मेघा: पुण्याची नाही, भंडाऱ्याची. माझ्यासाठी विकत होते ना?

देवाजी: वायफायसाठी. तूच त म्हनली काल. मशीन पुढच्या खोलीत, तू अन् तुही सासू मांगच्या खोलीत, अन् मधात थप्पी छताले टेकली. ओलं धान ते वायफाय पिऊन टाकते म्हने. बापा! दसऱ्यापर्यंत धडाधड चालून राहिला होता, धान घरात आलं अन् मुका झाला. मी त फुकटच कंपनीवाल्याच्या खानदानाले शिव्या देल्या.

मेघा: आणि आईंनी मीठ-मिरची घेऊन मशीनची दृष्ट काढली.

देवाजी: ते आता कोनाले सांगू नको. घे, पाइप दे. तू हे वायर वरतून न्याचं सांगाच्या आधी, धान गेलं का रस्ता मोकळा, असा सरळ हिसाब होता माहा. तुहा साहेब म्हनला ना, आजच्या कॉलात आवाज तुटला त सामान बांध अन् पुण्याच्या ऑफिसात येऊन बस?

मेघा: म्हणाले. त्यांचंही काय चुकलं? लोक विम्याच्या तक्रारी सांगतात, रडतात फोनवर, आणि मधेच माझा आवाज गायब. पुढच्या खोलीत बसून बघितलं, तर राइस मिलची घरघर. आणि तिथून आईंची हाक ऐकू येत नाही.

देवाजी: तेच त. तू गेली त तिले उचलन कोन? पडल्यापासून तिच्या कमरेचं काय झालं ते तू पाहतच हायेस. माह्या हातानं ओरडते, तुह्या हातानं बसते. भुपेंद्र तिकडं पुण्याले कारखान्यात, एकटा भात जाळून खात असन. नवऱ्याले तिथं ठेवून तू इथं आली. आमी बोलावलंबी नोहतं. बोलावाची हिंमतच नाई झाली. मी बांधीत धान कापत होतो त घराकडं एकदाबी वळून पाहा नाई लागलं मले. हे उपकार का धानात मोजाचे?

मेघा: तुम्ही खाली बघून बोलू नका जी, पडाल. वायर पाइपात गेली का पूर्ण?

देवाजी: गेली. बोअरचा उरलेला पाइप कामी आला. उघडी टाकली असती त उंदरानं सकाळपर्यंत गिळली असती. धानाच्या घरात उंदराचं रोजच लगन असते.

मेघा: मग उतरा आता हळू. दोन वाजता कॉल आहे.

(मागची खोली. खाटेवर आनंदाबाई, शेजारी मेघाचं टेबल.)

आनंदाबाई: हेच का ते दुसरं मशीन? हे त पहिल्यापेक्षा लहान दिसते.

मेघा: पुण्याच्या खोलीतलं जुनं आहे, आई. कपाटात पडलं होतं, भुपेंद्रनी कुरिअर केलं. पुढच्या मशीनमधून वायर निघाली, थप्पीच्या वरून आली, ती आता याच्यात. मग हे इथून वायफाय देईल. धान राहू दे जिथं आहे तिथं.

देवाजी: लाइट लागले. हिरवे लागले, वो! पाह्य पाह्य, चालू झालं.

मेघा: लाइट लागले, पण नेट नाही.

देवाजी: नाई?

मेघा: वायफाय दिसतं, पण काहीच उघडत नाही. आणि पुढच्या खोलीतलंही अडकलं वाटतं. आतापर्यंत ते तरी चालू होतं.

देवाजी: मी सांगतलं होतं. गोपीचंदले म्हनतो, आत्ताच ये. दोन वाजाच्या आत पोरं लावून पोते आंगनात फेकतो.

आनंदाबाई: तुमी बसा जी एका जागी! पोरगी काई तरी पाहून राहिली, अन् तुमी तिच्या डोक्यावर नाचून राहिले.

मेघा: थांबा... माझीच चूक. घाईत विसरली. दोन्ही मशीनचा नंबर एकच आहे, आणि दोन्हीही पत्ते वाटून राहिली आहेत.

आनंदाबाई: कोनाले वाटते पत्ते?

मेघा: घरातल्या प्रत्येक मोबाइलला एक पत्ता लागतो, आई. तो एकाच मशीननं द्यायचा असतो. इथं दोघं द्यायला बसले. मोबाइलला समजेना, कोणाचं ऐकावं.

देवाजी: म्हंजे तलावाच्या तोंडावर दोन पानी वाटनारे. एक म्हनते पहिले ह्याची बांधी, दुसरा म्हनते त्याची. मंग पानी कोनालेच नाई, नुसतं भांडन.

मेघा: अगदी तेच! मग काय करता तुम्ही?

देवाजी: एकाले म्हनतो, तू वाटू नको भाऊ. आलं तसं पुढं सोड.

मेघा: तेच सांगते याला. याचं वाटणं बंद. याचा नंबर वेगळा. आता दोन मिनिटं कोणी बोलू नका.

आनंदाबाई: तुह्या मामाजीले सांग ते. मी त कवाची चूप हावो.

मेघा: आई, तुमच्या मोबाइलवर कीर्तन लावा बरं.

आनंदाबाई: लावलं... अवो, लागलं! मधात थांबूनबी नाई राहिलं! महाराजाचं तोंड पूर्न दिसते.

देवाजी: खरंच गा! आता बंद कर ते. तिचा साहेब येईन. चालतो मी बाहेर.

(अंगणात, फोनवर.)

देवाजी: हॅलो, गोपीचंदभाऊ? गाडी नको आनू... नाई नाई, भावाची गोष्ट नाई. धान केंद्रावरच देतो... नाराज नको होऊ, भाऊ. सकाळी मी घाबरलो होतो. आमच्या सुनेनं रस्ता काढला... आता तुले कसं सांगू, थप्पीच्या वरून काढला. ये चहाले, दाखवतो.

(कॉल संपल्यावर, अंगणातच.)

मेघा: मामाजी, झाला कॉल.

देवाजी: माहीत हाये.

मेघा: म्हणजे दाराशीच बसले होते?

देवाजी: कोंबड्या हाकलत होतो.

मेघा: एकदाही आवाज तुटला नाही. सर म्हणाले, आता इथूनच करा काम. पण पुण्यात तुमची खुर्ची ठेवली आहे, यायचं तर या, असंही म्हणाले.

देवाजी: अन् तू म्हनली, नको सर, माझ्या घरी आता सगळं नीट चालतं.

मेघा: म्हटलं. मग?

देवाजी: मले वाटलं, म्हनशीन सासरी.

मेघा: इथं एक माणूस माझ्या फोनसाठी अख्खं धान पडत्या भावात द्यायला निघतो मामाजी. मी कोणाचं घर म्हणू मग?

देवाजी: ...तू मले रडवू नको. लोकं पाहतीन.

आनंदाबाई: मेघा! ये वो माय, मले उठवून बसव. तुह्यासंगंच जेवाचं म्हनून थांबली मी.