घरची गाडी शेवटी

—नाही हो बाई, उभ्या कशाला राहता, शेगडीजवळ सरका, वेळ लागेल अजून. सकाळपासून रांग होती, पार पोस्टापर्यंत, आता तुम्हीच शेवटच्या. पहिला बर्फ पडला की अख्ख्या गावाला एकदम बर्फाचे टायर आठवतात — महिनाभर मी दारावर पाटी लावून बसतो, आत्ताच या म्हणून, कुत्रं फिरकत नाही — आणि मग आज सगळे एकदम, जणू बर्फ मीच पाडलाय. तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही नव्या, तिकडे दक्षिणेत तुमच्या मियाझाकीत कुठला बर्फ. पण शाळेची टेकडी उन्हाळी टायरवर उतरून आलात? ब्रेक दाबलात? मग गेली असेल ना गाडी आडवी. दाबायचा नाही. पाय काढायचा, गिअर खाली घ्यायचा, आणि लांबूनच थांबायला लागायचं — त्या कोपऱ्यावर थांबायचं असेल तर या कोपऱ्यापासून. हे सांगून येत नाही, अंगात मुरावं लागतं — थांबा, फोन वाजला? नाही. किटली.

फोन तिथं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलाय, तेवढा कान असू द्या, माझी मशीन सुरू झाली की मला काही ऐकू येत नाही. गिऱ्हाइकाचा नाही हो, घरचाच. आमचे वडील सकाळी घाटापलीकडे गेलेत, अजून पोचले नाहीत. पोचतील. रोज जातात ते. आई असते तिथं, वृद्धाश्रमात. आता कुणाला ओळखत नाही ती, मला पोस्टमन समजते, पत्र आलं का विचारते — पण वडिलांच्या हातून जेवते. फक्त त्यांच्याच. तिथल्या बायकांनी भरवायला घेतलं की तोंड घट्ट मिटून घेते. वडील घरून भोपळा शिजवून नेतात, अगदी मऊ, आणि चमच्यानं भरवतात. हात असे थरथरतात त्यांचे की निम्मा तिच्या पुढ्यात सांडतो. तिला चालतं. आज दुपारी तिथून फोन आला — तोगाशीसान, तुमचे वडील आले नाहीत, आई काही खात नाहीत. मी म्हटलं वाटेत असतील. आणि मग बाहेर बघितलं, तर समोरचं न्हाव्याचं दुकान दिसेना.

गेलो होतो ना, न जाऊन कसं चालेल? तशीच रांग सोडून गेलो, लोक ओरडले. पायथ्याला दांडा आडवा टाकलाय, पोलीस उभा, म्हणतो घाट बंद, वर वारा असा आहे की हात पुढे केला तर हात दिसत नाही. म्हटलं, माझा बाप आहे आत. तर म्हणतो, तुम्ही गेलात तर मला दोघांना शोधावं लागेल, घरी बसा आणि फोन जवळ ठेवा. मुरोई गेलाय वर, बर्फ सारायची गाडी घेऊन. माझ्या वर्गातला आहे तो, मठ्ठ होता, पण घाट त्याला पाठ आहे, रस्त्याची कड दाखवणारे खांबांवरचे लाल-पांढरे बाण बघत बघत डोळे मिटून जाईल. तर तो शोधतोय आणि मी इथं बसून नट आवळतोय. दुसरं काय करू सांगा. हात रिकामे ठेवले तर वेड लागेल.

हे बघा, उतरवलेल्या टायरवर मी खडूनं लिहितो — पुढचं उजवं, मागचं डावं — म्हणजे वसंतात जिथल्या तिथं बसतात. वडिलांचीच शिकवण. हे गॅरेज त्यांचंच हो, मी नुसता चालवतो. पत्र्याच्या छपराखाली एकटे सुरू झाले होते, गावातला एकेक ट्रक त्यांच्या हाताखालून गेलाय —

काय म्हणालात?

नाही. नव्हते. त्यांच्या ट्रकला बर्फाचे टायर नव्हते. हो, टायरवाल्याच्या बापाच्या गाडीला. हसा, हसा. आमच्याकडे नियमच आहे तसा — गिऱ्हाईक आधी, घरची गाडी शेवटी. त्यांनीच घातलेला. लहानपणी आम्ही तर पार नववर्षापर्यंत उन्हाळी टायरवर घसरत फिरायचो, आई चिडायची, पण त्यांचं एकच, लोकांची कामं अडलीत आणि टायरवाल्याची गाडी सजून बसलीय, हे शोभत नाही. म्हणून राहिलं. रांग किती होती बघितलंत ना तुम्ही.

— बर्फ आज पडला, खरंय. त्याआधी रांग नव्हती. आत्ताच म्हणालो मी, कुत्रं फिरकत नाही म्हणून. शाळेच्या बाई तुम्ही, तुमच्यापुढे काही लपत नाही.

बरं, मग ऐका. त्यांनी गाडी चालवूच नये, असं होतं ते. उन्हाळ्यात सोसायटीच्या दुकानासमोर ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं, ढकलगाड्यांची सगळी रांग लोळवली. माणूस नव्हता मध्ये, नशीब. डॉक्टरांनी सांगितलं, लायसन परत करा. पोलीस घरी येऊन सांगून गेला, तर त्यालाच चहा पाजला, मुळ्याचं लोणचं वाढलं आणि वर ऐकवलं की तुझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. मी भांडलो, बायको, चिझुको, पाया पडायची राहिली. किल्ली लपवली तर दुसरी करून आणली. म्हातारा ऐकेल तर शपथ. मग म्हटलं, जाऊ दे, वाद नको, टायरच बदलायचे नाहीत. रोज सकाळी विचारायचा, माझं कधी? मी म्हणायचो, आज दूधवाल्यांचे ट्रक आहेत, उद्या बघू. उद्या अँब्युलन्स. परवा शाळेची बस. मान डोलवायचा, म्हणायचा, बरोबर आहे, आधी त्यांचं. एका शब्दानं कुरकुर नाही. त्याच्याच नियमात बांधून घातला मी त्याला. वाटलं, बर्फ पडला की उन्हाळी टायरवर हा बाहेर पडणार नाही, एवढा जाणता माणूस आहे, बसेल गुमान घरी. आणि आईचं म्हणाल तर मी म्हटलंच होतं, मी त्याला तिकडे नेत जाईन — हो, या दिवसांत कधी नेणार होतो, तेही खरंच. तेवढा विचार केला नाही. म्हणजे केला. नंतर बघू म्हटलं.

झालं, तुमचं शेवटचं चाक. हा कट्‌ आवाज ऐकलात? मापाचा पाना आहे, नट हवा तेवढा आवळला गेला की कट्‌ करतो, त्याच्या पुढे नाही, मागे नाही. फोनकडे लक्ष असू द्या हं, तुमचे जुने टायर मागच्या खोलीत ठेवून येतो, ते वसंतापर्यंत आमच्याकडेच. — ऐकू येतंय ना? — अंधार आहे इथं, दिवा गेलाय, सांगून ठेवलंय किती दिवस — बाई. बाई, इकडे या जरा. नाही, घाबरू नका, या. हे काय आहे वाचा. मला वाटतंय तेच आहे ना? पुढचं डावं. हे मागचं उजवं. खडू बघा कसा थरथरलाय. हे त्याचं अक्षर आहे. हे त्याच्या ट्रकचे टायर, उन्हाळी. आणि इथं बर्फाचे होते, या फळीवर, ते नाहीत.

बदलले त्यानं! कधी बदलले? रविवारी. रविवारी आम्ही चिझुकोच्या भावाकडे जेवायला गेलो होतो, हा म्हणाला मला कंटाळा आलाय, तुम्ही जा. बघा, कंटाळा. या वयात जॅक लावून एकट्यानं — बर्फाच्या टायरवर गेलाय म्हणजे, बाई, मग काही काळजी नाही, घाट त्याला नवा आहे का, कुठंतरी कडेला थांबून वारा ओसरायची वाट बघत असेल, आणि मी इथं उगाच —

पाना.

गॅरेज बंद झालं की मापाचा पाना माझ्या गाडीत असतो. मीच ठेवतो, कुलूप लावून, त्याच्या हाती लागू नये म्हणून. मग त्यानं कशानं आवळले? त्या जुन्या चौफुली पान्यानं. नुसत्या हातानं. त्या हातानं, बाई. चमचा धरता येत नाही त्याला. चाक बसतं हो, बसल्यासारखं दिसतं, गावात दोन फेऱ्या मारल्या तर कळतही नाही — आणि मग चढावर हळूहळू एकेक नट सैल होत जातो. हे काही नवीन नाही, दरवर्षी या दिवसांत कुणाचं तरी चाक निघतं, घरी बदलणाऱ्यांचं. मी बदलून दिले असते तर — अर्ध्या तासाचं काम हो. त्याच्या गाडीचं अर्ध्या तासाचं काम होतं —

वाजतोय. उचला. नाही, द्या, द्या इकडे.

बोल, मुरोई. — हं. — कुठं? वरच्या वळणाच्या अलीकडे? — आणि तो? — आत नाही म्हणजे? — हं. कुठलं चाक? — हं. — अरे, कुठल्या बाजूला गेला असेल म्हणून काय विचारतोस, चढाच्या बाजूला. गाडीत डबा आहे का बघ, भोपळ्याचा, कापडात बांधलेला. — नीट बघ. सीटखाली बघ. — नाही ना? मग चढाच्या बाजूलाच, मुरोई. खाली कशाला येईल तो. आई जेवायची आहे ना.

ट्रक मिळाला. बाणाच्या खांबाला टेकून उभा आहे, काच शाबूत आहे, सगळं शाबूत आहे, पुढचं डावं चाक नाही. डबा घेऊन चालत निघालाय. पावलं बुजलीत म्हणतो.

नाही, बसत नाही मी. चहा नको. तुम्ही निघा बाई, अंधार पडायच्या आत टेकडी चढा, तुमची गाडी तयार आहे, ही किल्ली. पैसे राहू द्या आज. आणि शंभरेक किलोमीटर झाले की परत घेऊन या, नट पुन्हा आवळावे लागतात, पहिल्यांदा बसवले की थोडे सैल होतातच ते. सगळ्यांना सांगतो मी, कुणी येत नाही. तुम्ही या. — बघताय काय अशा? जा ना. जा म्हटलं ना.