गम्बोतली तार

मी दिनेश, वेंगुर्ल्याकडचा, घर अगदी खाडीला लागून, म्हणजे कुर्ल्या-खेकडे नि सुंगटं-कोळंबी खाऊनच वाढलो, आणि आता बघा, दुबई मरीनात अमेरिकेतल्या लुईझियानाचं जेवण रांधतो, आणि काय सांगू तुम्हाला, त्यांच्याकडेही खाडी, कुर्ल्या आणि भातच! पण हॉटेलात माझं काम म्हणजे कांदा, सेलरी, ढोबळी मिरची चिरायची, वर्षानुवर्षं तेच, पातेल्याला हात लावायचा नाही.

आमच्या शेफ मिस डेल्फीन तिथल्याच, क्रिओल बाई, आमच्या आयेच्या वयाच्या. त्यांच्याकडे ईस्टरआधीचे मोठे उपास लागायच्या आदल्या दिवशी कार्निव्हल, शिमग्यासारखी सोंगं, नाच, आणि खाणं तर विचारूच नका. यंदा मला म्हणाल्या, दिनेश, गम्बो तू कर. गम्बो म्हणजे आपलं दाट कालवण, कोळंबी-कुर्ल्यांचं, भातावर घ्यायचं. मॅनेजर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, तो म्हणाला, बिघडलं तर खलास, परत कांद्यावर. मला ते पातेलं हवं होतं हो, जीव टाकून हवं होतं.

तर तेलात मैदा भाजायचा, चॉकलेटी होईस्तोवर, मला कसली भीती, वाटपाचं खोबरं काळपट भाजणारी माणसं आम्ही! मिस डेल्फीन वास घेऊन नुसत्या हसल्या. मग आली भेंडी. भेंडी दिसली की हात आपोआप चालतो, आये सांगायची, भेंडीची तार, ती बुळबुळ, मोडूक व्हयी, नायतर पोरां ताट ढकलतत. मी भेंडी धुतली, पुसली, चिरली, स्टाफच्या डब्यातली आमसुलं घालून सुकी परतली आणि झोकात मिस डेल्फीनसमोर नेली. त्या म्हणाल्या, तार कुठेय? मी म्हटलं, एकदम खलास केली मॅडम!

त्या बटाट्यांच्या पोत्यावरच बसल्या. दिनेश, त्या तारेनेच गम्बो दाटतो रे बाबा! बाहेर जांभळे-हिरवे मुखवटे घालून लोक यायला लागलेले, आणि पातेल्यात रस्सा पाण्यासारखा. मॅनेजर म्हणाला, यल्ला, चला, दुसऱ्याला द्या. त्या म्हणाल्या, नाही, हाच करेल. दुसरी भेंडी आणली, चिरली, सोडली, बुळबुळ सुटली तसा मी डोळे मिटून ढवळत राहिलो, आणि हळूहळू रस्सा डावाला धरायला लागला, अहो काय सांगू, मी ओरडलोच! लोकांनी पातेलं पुसून रिकामं केलं. आणि ती आंबट सुकी भेंडी? मिस डेल्फीननी उभ्याउभ्याच भाताबरोबर संपवली.

शेवटी स्टाफला केक, गोल कड्यासारखा, वर जांभळी, हिरवी, सोनेरी साखर. आत एक प्लास्टिकचं इवलं बाळ लपवतात, ते ज्याला मिळेल त्याच्यावर पुढची मेजवानी. माझ्या दाताखाली कटकन आलं! मिस डेल्फीन मॅनेजरला म्हणाल्या, रिवाज आहे, पुढच्या कार्निव्हलचा गम्बो याचाच. तो म्हणाला, इन्शाल्ला.

तेव्हापासून पातेलं माझ्याकडेच आहे. केकमधलं ते बाळ रोल्ला भागातल्या माझ्या खोलीवर, गणपतीच्या फोटोशेजारी, आये फोनवर विचारते, नाव काय ठेवलंस त्याचं. देव त्या बाईंचं भलं करो. पुढच्या साली तुम्ही जेवायला या, नक्की या, फक्त भेंडी बुळबुळीत आहे म्हणून ताट ढकलू नका.