भरदुपार नावाची लिली

नाही, ती पिशवी आधी खाली ठेवा, मग पुढं या. — नाही ठेवत? बरं, धरून उभे राहा. पण मग या विटांच्या ओळीच्या अलीकडंच थांबायचं, वाफ्यात पाय टाकायचा नाही. आत सगळ्यांना वाटतंय, मुलाला-मुलीला मोकळं बोलता यावं म्हणून मागच्या अंगणात पाठवलंय. ‘जा गं, पाहुण्यांना तुझी बाग दाखव’ — आई प्रत्येक वेळी हेच म्हणते. प्रत्येक वेळी म्हणजे, तशी फार वेळ नाही आली. आणि मोकळं कसलं बोलणार, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, आणि तुमचं स्थळ आणणारे कौतिकनाना मघापासून तिथंच पाणी पितायत. माणसाला इतकी तहान लागते का? जळगावात लागते म्हणा, एप्रिल आहे. पण त्यांची तहान कानाची आहे. जरा हळूच बोला. — तुम्ही तर काहीच बोलत नाही. मीच हळू बोलते.

तर ही बाग. ‘बाग’ आईचा शब्द. धुणं धुवायच्या दगडामागची एवढीशी पट्टी, वर नळाचं आणि मोरीचं सांडपाणी. यांना डे-लिली म्हणतात — काय म्हणालात? हेमेरोकॅलिस? तुम्हाला कुणी सांगितलं हे? नाही, नाही, कुणीतरी सांगितलंय. धुळ्याच्या सिंचन खात्यात ज्युनिअर इंजिनिअर असलेल्या माणसाला हेमेरोकॅलिस हा शास्त्रीय शब्द आपोआप येत नाही. मी बॉटनीत बी.एस्सी. केली, मला तो पाठ करायला एक सत्र लागलं. कौतिकनानांनी पढवून आणलंय ना? ‘पोरीला फुलांचं वेड आहे, फुलांचं काहीतरी बोल’ — त्यांनी जामनेरच्या मुलालाही असंच पढवलं होतं. तो आला आणि म्हणाला, मलाही गुलाब फार आवडतात. लिलीच्या वाफ्यात उभा राहून. मी त्याला विचारलं, तुमच्या घरामागं जागा किती आहे, ऊन किती वाजेपर्यंत असतं? तर हसायला लागला. आत जाऊन आईला सांगितलं म्हणे, मुलगी आमच्या प्लॉटची चौकशी करतेय. आता जिला वीस-पंचवीस जातींची झाडं घेऊन सासरी जायचंय तिनं काय विचारावं, सोनं किती घालणार? मीच नकार दिला त्याला.

हे बघा, हात लावू नका. बघा लांबूनच. ही नारिंगी — आमच्या कॉलेजच्या कुंपणाला होती, माळी उपटून फेकत होता, तिथून आणली. ही लिंबाच्या रंगाची बंगलोरच्या एका रिटायर्ड कर्नलनी पोस्टानं पाठवली. पोस्टानंच येतात या — माती झाडायची, पानं वीतभर ठेवून कापायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची, पंधरा दिवस मुळं जिवंत राहतात. आमचा पोस्टमन म्हणतो, ताई, तुम्हाला कांद्याची पात कोण पाठवतं. ही जांभळट कालिम्पाँगची. हिचं दुःख असं, की थंड हवेतली आहे. आपल्याकडं सकाळी सात वाजता राणीसारखी उमलते आणि अकराच्या उन्हात डांबरासारखी पाघळते. गडद रंगाच्या सगळ्याच. फूल एकच दिवसाचं, सकाळी उघडतं, रात्रीपर्यंत संपतं — आणि त्या एका दिवसातलाही अर्धा दिवस उन्हानं खायचा. आणि बघायला येणारे तुम्ही लोक येता संध्याकाळी पाच वाजता, चहापोह्याला. कुणीही माझी फुलं नीट बघितलेली नाहीत. बघून परत जातात आणि—

पिशवीतून पाणी गळतंय तुमच्या.

काय आहे त्यात? — ‘काही नाही’ असं पाणी गळत नाही. तुमच्या आईनं आत सोफ्यावर बसताना दोनदा सांगितलं, अरे ठेव ना ती बाजूला. तुम्ही पोहेसुद्धा एका हातानं खाल्लेत. मी ट्रे घेऊन आले तेव्हा माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघत होता. आणि पॅन्टच्या गुडघ्याला माती आहे, वाळलेली. म्हणजे कुठंतरी गुडघे टेकून बसला होता, आणि ती माती आमची नाही. आमची काळी आहे. ओलं गोणपाट आहे आत, वास येतोय मला. तयारीनंच आलाय म्हणजे. गोणपाट काय, खुरपंही असेल.

तुम्हाला वाटेल ही पोरगी काय चोरांवर पाळत ठेवल्यासारखी बोलते. सांगते का ते. या घरी जो कुणी मुलगी बघायला येतो ना, तो जाताना एक कोंब घेऊन जातो. मुलगी ठेवून जातो. खरंच, हसू नका. मुलाची आई इथं येते, कमरेवर हात ठेवून उभी राहते — ‘माय वं, कितला भारी फुलं शेतस! आमले बी एक कोंब दे वं माय’ — आणि मुलाकडच्यांना नाही म्हणायचं नसतं. माझी आई आत जाऊन स्वतः खुरपं आणते. मग आठ-दहा दिवसांनी कौतिकनाना येतात, टोपी मांडीवर ठेवतात, म्हणजे कळायचं. पत्रिका जमत नाही. मुलीला फार शिकवलंय. मुलीचं बोलणं फार. एकानं तर कारणसुद्धा दिलं नाही. पण कोंब परत करायला आजवर कुणी आलेलं नाही. जामनेरला लागलाय, एरंडोलला लागलाय, साक्रीला एकांच्या दारात तर रांग झालीय म्हणे, शेजारणींनाही वाटल्या. सगळ्या तालुक्यांत माझ्या लिल्या नांदतायत सुखानं.

हां — मघाशी मी म्हणाले मीच नकार दिला. दिलाच. म्हणजे मनात दिला होता, त्यांचा यायच्या आधीच.

म्हणून आता मी पुढची ही ओळ वाटायची ठेवलीय. नारिंगी. उपटाल तेवढी घ्या, आठवड्यात परत तेवढी. तुमच्या आईला हवी असेल तर तिच्यातली देते, आत्ता देते, उगाच लपवून काही नेऊ नका. मागच्या ओळीतलं मात्र मिळणार नाही. ती माझी बियांची रोपं आहेत. म्हणजे मी स्वतः केलेली — पहाटे एकीचा पराग दुसरीच्या तोंडाला लावायचा, वर धागा बांधायचा, बोंड धरलं की बी पेरायचं, आणि मग दोन वर्षं वाट बघायची. शंभरातली नव्वद फुलं आईबापांपेक्षा वाईट निघतात. मला एकच गोष्ट हवी होती. गडद फूल, काळ्याजवळचं लाल, आणि ते जळगावच्या उन्हात उभं राहिलं पाहिजे. बस. लोक म्हणाले, तिकडं केळी कर, कापूस कर, नाहीतर बी.एड. कर. बाबा म्हणाले, हिचं लग्न झालं की तिथं मी संडास-बाथरूम काढतो. खड्ड्याची आखणीही करून ठेवलीय चुन्यानं, ती बघा — तुम्ही उभे आहात तिथंच. तुमच्याआधीचेही तिथंच उभे होते.

आणि ते निघालं होतं. फूल. एकदा. चार वर्षांपूर्वी, एप्रिलातच. एवढंसं रोप, एकच कोंब, त्याला पहिलाच दांडा. सकाळी उमललं, मी कुणाला सांगितलं नाही. अकराला बघितलं, उभं. दोन वाजता डोक्यावर टॉवेल घेऊन बघितलं, उभं. चार वाजता मी अंगणात चप्पल न घालता आले, पाय पोळले, आणि ते तसंच, काठसुद्धा वळला नव्हता. मी तिथल्या तिथं त्याचं नाव ठेवलं. भरदुपार.

ते आता नाही. — नाही म्हणजे नाही. मेलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी पण एक जण बघायला आले होते. चाळीसगावचे, निकम. आई तयार हो म्हणून हाका मारतेय आणि माझे हात मातीचे. मग तसंच इथं पाठवलं, तुमच्यासारखंच. आणि तो मुलगा उकिडवा बसला. पांढरी पॅन्ट होती त्याची. बसला, फुलाकडं बघितलं आणि विचारलं, हे दिवसभर असंच होतं का? इतकंच विचारलं. — त्यात काय एवढं, तुम्हाला वाटेल. पण तसं कुणी विचारत नाही हो. मग त्याच्या आई आल्या, आमले बी एक दे वं माय, आणि आई खुरपं घेऊन नारिंगीकडं वळली, आणि मी म्हटलं, थांब. हे दे. मुळासकट काढून मीच दिलं, ओल्या फडक्यात. एकच कोंब होता, मागं ठेवायला काही नव्हतं. मला वाटलं, जिथं ते जाईल तिथंच तर मी—

असो. टोपी मांडीवर.

त्यानंतर तेच आईबाप पुन्हा जोडून बघितले, दरवर्षी. तसं परत येत नाही. ही मागच्या ओळीतली सगळी त्याची भावंडं आहेत, दुपारी पाघळणारी. मागायला जाणार होते मी चाळीसगावला, अर्धा कोंब द्या म्हणून. आई म्हणाली, नकार दिलेल्या घरी कुणी जातं का, लोक काय म्हणतील. नंतर कळलं त्याचं लग्न झालं. मुलगी धुळ्याकडचीच आहे म्हणे, भदाण्यांची—

तुमचं आडनाव भदाणे.

थांबा. तुम्हाला बहीण आहे. कौतिकनाना म्हणाले होते, एक बहीण आहे, दिलेली. कुठं दिलीय ते मी विचारलं नाही, कारण मी यावेळी काहीच विचारणार नव्हते. कुठं दिलीय? — बोला ना. आता का खाली बघताय? चाळीसगाव. निकमांकडं. बरं. म्हणजे आमचे नकार त्याच घरात ऐकून, हसून, मग इकडं आलात. काय सांगितलं त्यांनी माझ्याबद्दल? पोरगी बडबडी आहे, झाडांशी बोलते? आणि मग तुम्हाला बघावंसं वाटलं, नमुना आहे कसा. काल तिथं गेला होता ना? ती माती तिकडचीच. पांढुरकी. आणि आज ही पिशवी. उघडा. नाही, आता उघडाच, मी आवाज चढवेन, कौतिकनानांना पाणी पुरणार नाही.

...

हळू. गोणपाट असं ओढू नका, दांडा मोडेल.

अख्खा गड्डा आणलात? सगळाच? हे किती वाढलंय. — बहिणीला माहीत आहे? तिनंच दाखवलं, ही जळगावच्या त्या मुलीनं दिलेली म्हणून? आणि सासूबाई? पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेल्या होत्या. म्हणजे चोरून. म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर माणूस बहिणीच्या सासरी गुडघे टेकून, त्यांच्या अंगणात खड्डा करून... आणि उद्या त्या बहिणीला कोण उत्तर देईल? — ती म्हणाली, उंदीर लागला सांगेन. हं. उंदीर.

हे खोटं असू शकतं. तुम्हाला कळतंय ना? कौतिकनानांनीच हे जमवलं असेल, त्यांना काहीही सुचतं. गडद लाल लिली कुठूनही आणता येते. आणलेलीही पाघळतेच दुपारी, तेव्हा कळेल. हे फूल आज सकाळी उमललं? पिशवीत? मग धुळ्याहून एस्टीत, खिडकीशी, भर उन्हाचं — किती वाजता निघालात? बाराला. आणि आता साडेपाच.

...

काठसुद्धा वळला नाही.

नाही, मला काही झालं नाही. ऊन तिरकं येतंय.

ऐका. याचा अर्थ काही नाही, आधीच सांगते. मी हो म्हटलेलं नाही आणि तुम्हीही म्हणू नका, उगाच भरात. फुलासाठी आलात की माझ्यासाठी, की बहिणीच्या सासूला चिडवायला, ते मला कळलेलं नाही, आणि तुम्ही एका शब्दानं सांगितलेलं नाही. आत विचारतील काय बोललात, तर सांगा, तीच बोलत होती. खोटं नाही ते. तुमच्या घरामागं मोकळी जागा आहे का, हेही मी विचारणार नाही. — आहे? विहिरीकडं? सकाळचं ऊन की दुपारचं? — दिवसभर.

बरं.

ती पत्र्याची बादली द्या इकडं, नळाखालची. हे एकदा लावलं की पुन्हा हलवायचं नसतं, वर्षभर रुसतं, फूल देत नाही. बादलीत मुळं ओली ठेवली तर आठ-दहा दिवस निघतात. कौतिकनानांनाही यायला तेवढेच लागतात. तोवर मी इथं खड्डा करत नाही. जा आता तुम्ही आत. हात धुऊन जा, मातीचे आहेत. आणि आईनं नारिंगीतला कोंब काढून दिला तर घेऊ नका.