शेवंताबाईच्या डबीची खंडेनवमी

बसा मंडळी, सावकाश बसा. खांबाला टेकायचं त्यांनी टेका, झोपायचं त्यांनी पुढं येऊन झोपा, म्हणजे कुणाला उठवायचं ते मला दिसेल.

आज कीर्तनाला एकच प्रश्न घेतलाय. देवापुढं हात जोडताना आपल्या मनात माया असते, का भीती? लगेच माया म्हणू नका. नीट आठवा. नारळ आतून खराब निघाला की पोटात काय होतं? दिवा वाऱ्यानं विझला तर आपण वाऱ्याला बोल लावतो का? नाही. आपण आपली पापं आठवायला लागतो.

तर प्रश्न असा, की भिऊन केलेली पूजा पोचते कुठं?

उत्तर मी देणार नाही. शेवंताबाई देईल. ऐका.

गडहिंग्लजच्या अलीकडं एक गाव. तिथं शेवंताबाई आणि तिचे मालक तात्या, दोघंच राहायची. तात्या एसटीचे ड्रायव्हर, रिटायर झालेले. पण गावानं त्यांना कधी ड्रायव्हर म्हणून ओळखलं नाही. ओळखलं ते गळ्यावरून. भजनात पहाटेला तात्यांनी स्वतः रचलेली भूपाळी धरली, की गोठ्यातली गुरंसुद्धा रवंथ थांबवायची.

तांबडं फुटलं, पाखरू उठलं,
ऊठ रे गोविंदा, कवाड का मिटलं?

आणि मंडळी, एक दिवस त्या माणसाचंच कवाड मिटलं. अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, आणि वाचा गेली. ज्या गळ्यानं गाव जागं केलं, त्याला पाणी मागता येईना. शेवंताबाई उशाशी बसायची आणि विचारायची, "पानी देऊ? च्या देऊ?" तात्या नुसते बघायचे. तोंड हलायचं, शब्द यायचा नाही. आतल्या आत माणूस हाका मारतोय आणि बाहेर कुणाला ऐकू जात नाही, याच्याएवढी भीती दुसरी नाही.

त्यांचा मुलगा जहाजावर, समुद्रात. सून केतकी पुण्यात नोकरीला. सून हुशार. तिनं काय केलं, माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी काढल्या. सासऱ्यांच्या भजनाच्या. कॅसेटींना बुरशी लागलेली. दुकानात नेऊन त्यातलं गाणं कसंबसं उतरवून घेतलं, आणि त्यातच फिती तुटून गेल्या. उतरवलेलं सगळं तिनं एका डबीत भरलं आणि डबी सासरी आणून टीव्हीला जोडली.

डबी म्हणजे काय? तर मिनी पीसी. पूर्ण कॉम्प्युटरच, पण आकार पानाच्या डब्याएवढा. एक वायर टीव्हीला, एक वायर विजेला. बटण दाबलं की निळा दिवा लागायचा, टीव्हीवर तात्यांचा तरुणपणीचा फोटो यायचा, आणि त्यांचा स्वतःचा आवाज खोलीत भरायचा.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं होतं, की मेंदूचा बोलणारा कप्पा बिघडला तरी गाणारा कप्पा पुष्कळदा शाबूत असतो. रोज ऐकवा. रोज संध्याकाळी शेवंताबाई डबी लावायची. आधी तात्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग ओठ हलायला लागले. मग हुंकार आला. आणि एका संध्याकाळी, मंडळी, पडद्यावरच्या तात्यांच्या मागोमाग खाटेवरचे तात्या म्हणाले, "तांबडं."

एकच शब्द. शेवंताबाई पदर तोंडात धरून चुलीपुढं जाऊन बसली. बाई आनंदानं रडली, पण नवऱ्याला दिसू दिलं नाही. तोही भीतीचाच प्रकार. दृष्ट लागंल म्हणून.

आता जाताना सुनेनं काय बजावलेलं? "आई, याला पाणी लावायचं नाही." हे वाक्य शेवंताबाईनं पदराला गाठ मारून ठेवलं. "आणि याच्यावर काही ठेवायचं नाही, याला आत हवा लागते." हे दुसरं वाक्य चालू असताना दूध उतू गेलं.

आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदला दिवस, हत्यारं पुजायचा. तुम्हाला सांगायला नको. शेवंताबाईनं विळा मांडला, खुरपं मांडलं, शिवायची मशीन पुसून घेतली. मग तिची नजर डबीकडं गेली. ज्या हत्यारानं नवऱ्याची जीभ सोडवायला घेतली, ते हत्यार उपाशी ठेवायचं? पाणी लावायचं नाही हे तिला ठाऊक. म्हणून तिनं सगळं कोरडं वाहिलं. हळद कोरडी, कुंकू कोरडं, अक्षता कोरड्या, आणि पाण्याची उणीव भरून काढायला मूठ जरा सैल. वर झेंडूच्या पाकळ्या. आणि धूळ बसू नये म्हणून जरीकाठाची मखमली झूल.

मागच्या काकू, हसू नका. तुमच्या मिक्सरला झालर आहे. मी जेवून गेलोय तुमच्याकडं.

आता नेम असा, की पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही. त्याला विसावा. पण संध्याकाळ झाली आणि तात्या टीव्हीकडं बघायला लागले. शेवंताबाईला ते बघवेना. ती देवीला म्हणाली, "बाई, एवढं एक गाणं. मग हात लावायची न्हाई." आणि झुलीखाली बोट घालून बटण दाबलं.

भूपाळी सुरू झाली. थोडी चालली. मग डबीतून आवाज यायला लागला, गांधीलमाशी कोंडल्यासारखा. आवाज चढत गेला. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी धक्के खायला लागलं. आणि गाणं अडकलं. "तांबडं फु... फु... फु... फु..." पडद्यावरच्या तात्यांनाही झटका आला, मंडळी. मग सगळं काळं. त्या काळ्यावर एक पाटी, सिग्नल नाही.

शेवंताबाईनं देवीपुढं हात जोडले. पहिला विचार काय आला असेल? मशीन बिघडलं असा? नाही. देवी कोपली. विसाव्याच्या दिवशी पुजलेलं हत्यार राबवलं, म्हणून नवऱ्याचा राहिलेला गळाही तिनं काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं घाबरत बटण दाबलं. निळा दिवा लागला, चित्र आलं, आणि हूं म्हणेस्तोवर गेलं. मग सुरू झाले उपाय. देवीचा अंगारा आणला आणि डबीच्या जाळीवरच लावला. गुण येईना, म्हणून सकाळ-संध्याकाळ लावला. शेजारी उदबत्त्यांचा पुडा पेटला. एकेरी झूल होती ती दुहेरी झाली. एकदा तर टीव्हीच्या मागची वायर उपसून तिनं दुसऱ्याच भोकात खोचली, देवीला आठवत. जेवढी बाई भ्याली तेवढी डबी लवकर मरायला लागली. शेवटी तर दिवा लागायचा आणि टीव्ही ढिम्म.

झाकली गं चूल, धूर घरात कोंडला,
भिऊन झाकलं, त्याचा जीव गुदमरला.

पण तेव्हा हे तिला कोण सांगणार? ती कुणाला बोलली तर ना. तात्यांना सांगायची, "लाईट न्हाई आज." तात्या वर बघायचे. वर पंखा गरगर फिरत असायचा. पुण्याहून फोन आला की केतकी विचारायची, "आई, तात्या गातायत का?"

"गात्यात की."

"दोन शब्द जोडतात का आता?"

"जोडत्यात. ठेवते गं, दारात कोन आलंय."

दारात कुणी नसायचं. मंडळी, सासूला सुनेची भीती! कलियुगात एवढा तरी न्याय झाला म्हणायचा. पण विनोद सोडा. ती बाई सुनेला का भ्याली? सून रागवेल म्हणून नाही. सून म्हणेल, "आई, ते गाणं दुसरीकडं कुठंच नाही," म्हणून. जे खरं आहे अशी शंका येते, ते ऐकू येऊ नये म्हणून माणूस कान झाकतो.

इकडं तात्या खायचे थांबले. घास गालात धरून ठेवायचे. आलेला एक शब्द, तोही गेला. आणि ते डाव्या हातानं सारखं डबीकडं दाखवायचे. हात उचलायचा, डबीकडं न्यायचा, मग हवेत काहीतरी ओढल्यासारखा मागं घ्यायचा. शेवंताबाईला वाटायचं, जाब विचारत्यात. माझं गाणं कुठं घातलंस म्हनत्यात. ती मान फिरवायची. नवऱ्याच्या डोळ्यात बघायची ताकदच राहिली नव्हती तिच्यात.

एका दुपारी ती परसातून भेंड्या घेऊन आत आली, आणि खाट रिकामी.

रिकामी खाट, मंडळी. जो माणूस कूस बदलू शकत नाही, त्याची.

तात्या जमिनीवर होते. खाटेवरून पडून, डाव्या कोपरावर सरकत सरकत टीव्हीच्या कपाटापर्यंत गेलेले. कपाळाला खरचटलेलं. आणि डाव्या मुठीत मखमली झूल. ओढून खाली घेतलेली.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस जाब विचारत नव्हता. हा माणूस आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेला. गरम झालेल्या गाडीचं बॉनेट आधी उघडायचं, हे त्याला झोपेतही कळतं. तो इतके दिवस सांगत होता, काढ ते वरचं, काढ. त्याला बोलता येत नव्हतं, आणि जिला बघता येत होतं तिनं भीतीनं मान फिरवलेली.

तिनं त्यांना कसंबसं उठवून बसतं केलं, भिंतीला टेकवलं. कपाळ पुसलं. आणि मग त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "मीच घालवलं तुमचं गानं. लाईट होती. मी खोटं बोलले."

तात्यांनी झूल तिच्या मांडीवर टाकली. बास.

मग तिनं सुनेला फोन लावला. समोर चेहरा दिसणारा. सगळं सांगितलं. अक्षता, अंगारा, झूल. शेवंताबाई म्हणाली, "शिव्या दे, पन बोल."

"आई, तसं नाही," केतकी म्हणाली. "मीही एक सांगितलं नव्हतं. त्या गाण्यांची दुसरी प्रत करायची राहिलीये माझी. आज करते, उद्या करते असं करत. रोज फोनवर विचारत होते ना, तेव्हा मलाही हीच भीती असायची, डबी गेली तर?"

पुण्यात एक भ्यालेली, गडहिंग्लजला एक भ्यालेली, आणि मधल्या तारेवरून रोज खुशालीच्या गप्पा. आपल्या घरातले फोन असेच चालतात की नाही, तुम्ही सांगा.

"आता रडू नका," केतकी म्हणाली. "वायर काढलीय ना विजेची? डबी उलटी करा. रबराचे पाय दिसतात? ते उचकटा, खाली स्क्रू आहेत. शिवायच्या मशीनच्या ड्रॉवरमधला पेचकस घ्या."

"चारी काढू का गं?"

"चारी. हळू."

झाकण निघालं. आतला पंखा रुपयाएवढाच, पण पात्यांवर हळद-कुंकवाचा थर, अंगाऱ्याचा लगदा, एक सुकलेली पाकळी. आणि पात्यांच्या मधे रुतलेल्या अक्षता. शेवंताबाईनं डबी तिरपी करून वर्तमानपत्रावर झटकली. टप टप टप तांदूळ पडले. प्रश्न होता ना, भिऊन केलेली पूजा पोचते कुठं? पंख्यात, मंडळी. पंख्यात पोचते.

एवढ्यात भिंतीकडून आवाज आला. घशातून, खरखरता, गुदमरल्यासारखा. तात्यांचे खांदे हलत होते, डोळे मिटलेले. शेवंताबाईच्या हातातला पेचकस पडला. दुसरा झटका. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, दुसरा आला तर... ती धावली, त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, "अहो, अहो, बघा हिकडं."

त्यांनी बघितलं. तात्या हसत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा. वर्तमानपत्रावरच्या अक्षतांकडं बोट दाखवून, अर्ध्या तोंडानं, पण पोट भरून हसत होते.

"हसा," ती म्हणाली. "हसा आता. माझा जीव गेला हितं."

तिनं रंगाच्या कोरड्या ब्रशनं पातं न पातं झाडलं, केतकीनं सांगितलं तसं पंख्याला बोटानं धरून. झाकण लावलं. वीज लावली. बटण दाबलं. निळा दिवा आला. पंखा फिरला, गुपचूप, मांजर झोपल्यासारखा. आणि टीव्हीवर तीच पाटी, सिग्नल नाही.

फोनमधे केतकीचा चेहरा उतरला. "आई, मग आतली मेमरीच गेली की काय..." तिनं फोन जवळ घेतला. "आणखी काही केलं होतं का तुम्ही? काहीही?"

शेवंताबाईनं एक गोष्ट मागं ठेवलेली. माणूस कबूल होतो तेव्हाही एक मूठ झाकलेली असतेच बघा. आता हेही सांगितलं तर सून काय म्हणेल? जीभ अडली. मग तिनं भिंतीकडं बघितलं. जीभ अडलेला माणूस समोरच बसला होता. आपली तर चालती जीभ.

"मागची वायर मी दुसऱ्या भोकात घातली व्हती," ती म्हणाली.

"पहिल्यात घाला."

घातली. पडदा उजळला. आधी फोटो आला, मग पेटीचा सूर, मग तो गळा, न अडखळता. तिकडं पुण्यात केतकी टेबलावर डोकं ठेवून रडली. आणि सासूला म्हणाली, डबी बंद करू नका, मी इथूनच नेटवरून आत शिरून दुसरी प्रत काढून घेते.

त्या संध्याकाळी तात्या गायले का? नाही गायले. खोटं सांगून तुम्हाला रडवणं मला सोपं आहे, पण आजच्या विषयाला ते शोभणार नाही. ते ऐकत बसले, आणि आमटीत कुस्करलेली भाकरी खाल्ली. शब्द सावकाश परत येतील, नाहीतर येणार नाहीत. पण त्या घरात आता कुणी कुणाकडं पाठ करून बसत नाही.

मंडळी, देवी कोपली नव्हती. ती अशी कोपायला लागली तर आपल्यापैकी एकाच्याही घरचा मिक्सर चालणार नाही. आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही काय झाकलंय? कुणाला सांगितलंय, सगळं बरं आहे? घरातलं कोण हात हलवून काही सांगतंय, आणि तुम्ही मान फिरवलीय?

आरतीचं तबक तयार आहे. पण ते जरा थांबेल. ज्याला फोन लावायचा असेल त्यानं बाहेर पायरीवर जाऊन लावावा, आम्ही कापूर पेटवत नाही तोवर. देव काही घाईत नाही. घरचं माणूस किती दिवस थांबेल, ते मला सांगता येणार नाही.

जा. मी बसलोय.