पंखा तर फिरतोच आहे

बंद? घर बंद कुठलं, काहीतरीच काय बोलतेस! शेजारचं घर चांगलं चालू आहे, माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात तिथे, एकट्या, पण राहतात — कुलूप बघून म्हणत असशील, तर त्या आत्ता जरा बाहेर गेल्यात. कुठे? गेल्या असतील कुठेतरी, मी काय त्यांच्या मागे मागे फिरते? तू बस आधी. आणि तो कागद पालथा ठेव, बघवत नाही मला. तीन महिने मीटर हलला नाही म्हणून थेट काढून न्यायला निघालात — अगं, सहकारी वीज संस्था आहे की जप्तीवाले? सभासद आहोत म्हटलं आम्ही. दोघी, दोन मीटर, दोन मतं. दर वार्षिक सभेला पहिल्या रांगेत असतो — मध्ये चार खुर्च्या सोडून, पण पहिल्या रांगेत.

चपला? कुठल्या चपला? अगं बाई, त्या होय. त्या थोरल्यांच्याच. म्हणजे — आज दुसऱ्या घालून गेल्या. हो, इथे काढून तिकडून दुसऱ्या घालून गेल्या, माणसाला दोन जोड असू नयेत का? तुझी नजर भारी बारीक आहे गं. थांब, तू पोस्टमनची नात ना? शिकायला लांब गेलेली, आणि सगळे म्हणत होते ही काही आता परत येत नाही, ती? आणि येऊन संस्थेत सभासद सेवेच्या टेबलावर बसलीस? म्हणजे ती तोंडं तुझीच!

तोंडं गं, बिलाबरोबर पत्रात येतात ती. शेजारच्या घरापेक्षा वीज कमी जाळली की हसरं तोंड, जास्त जाळली की वाकडं. विजेची बचत, पृथ्वीचं रक्षण, खाली तुझी सही. मी वाचते सगळं. हेतू चांगला आहे, नाही कोण म्हणतंय? पण शेजारच्या घराशी तुलना करण्याआधी शेजारी कोण राहतं ते तरी विचारायचंस! अगं, जावा-जावा आम्ही. ही मधली भिंत बघ, ही दोघा भावांनी भांडून घातली. त्यातले एक वर गेले, दुसरे दिवसभर दुकानात असतात. भिंत तेवढी आम्हा दोघींना राहिली. आणि त्या भिंतीच्या एका बाजूला तू हसरं तोंड पाठवलंस आणि दुसऱ्या बाजूला वाकडं. मी काय केलं असेल? खिडकीला चिकटवलं. त्यांच्या अंगणातून दिसेल असं. मग काय, लपवून ठेवायचं होतं?

तो आवाज? तो — तो फ्रिजचा. जुना झालाय, घुरघुरतो दुपारचा. अगं, उठतेस कुठे? नको, तपासायला नको! हो गं, माहीत आहे मला, जुना फ्रिज द्या आणि सवलतीत नवा घ्या, पत्रक वाचलंय मी. घुरघुरणारा फ्रिज युनिटं खातो, तेही वाचलंय. पण हा नाही द्यायचा मला. सवय झालीय त्याची. बस म्हणते ना.

बरं, काय सांगत होते — वाकडं तोंड. थोरल्यांना ते येणारच होतं. दीर गेल्यापासून त्यांच्या घरात सगळे दिवे चालू, चारही खोल्यांतले, आणि कोणी ऐकत नसलं तरी रेडिओ चालू. मी म्हणायचे, बघा, उधळपट्टी! माझ्या डोक्यात तरी कुठे आलं होतं की — असो. तर पत्र त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी फ्रिज बंद केला आणि दुधाचं पातेलं घेऊन माझ्या दारात उभ्या! दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या माझ्याशी. म्हणाल्या, "हे तुझ्या फ्रिजमध्ये ठेव, तुझा चालूच असतो." ठेवलं. मग रोज सकाळी पातेलं न्यायला यायचं, संध्याकाळी ठेवायला यायचं. मग कपड्यांना इस्त्री — "तुझी तापलेलीच आहे, त्यावर दोन फिरवून घेते." मग दुपारी पंख्याखाली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतात, "पंखा तर फिरतोच आहे. एकीला काय नि दोघींना काय, वारा तेवढाच." बोल आता, यावर काय उत्तर आहे तुझ्या त्या शिक्षणात? आणि महिनाअखेरीला तोंडं उलटी! त्यांना हसरं, मला वाकडं. त्यांनी लगेच खिडकीला लावलं — आणि वर मलाच म्हणाल्या, "जरा काटकसर शिक." माझ्या पंख्याखाली बसून!

हसतेस काय? आणि हो, उशी त्यांचीच आहे ती, नको बघूस तिकडे. गेल्या पावसाळ्यात एकदा वीज कडाडली तेव्हा घेऊन आल्या, ती इथेच राहिली. उशी राहिली म्हणजे — अगं, उशी आहे तिथे माणूस झोपणारच ना, त्यात काय एवढं? पण झोपतात इथे आणि राहतात तिथे. फरक आहे. रोज सकाळी जाऊन कुलूप काढतात, केर काढतात, दीरांच्या फोटोवरची धूळ पुसतात, पुन्हा कुलूप लावून येतात. हे सगळं बिनविजेचं काम, तुमच्या मीटरला कसं कळणार?

आता तू म्हणशील, मग मीटर हवाच कशाला. म्हणणारच होतीस, तोंडावर दिसतंय. मग ऐक, पुन्हा सांगणार नाही. तिकडे त्यांचा मीटर आहे तोवर त्या माझ्याकडे नुसत्या आलेल्या असतात. दूध ठेवायला, इस्त्रीला, वाऱ्याला. ज्या दिवशी तू तो काढून नेशील, त्या दिवसापासून त्या धाकट्या जावेकडे राहायला आल्या असं होईल. आणि तशा त्या एक दिवस राहणार नाहीत. थोरल्या आहेत त्या. त्या चार खोल्यांत अंधारात भिंतीकडे तोंड करून पडतील, पण राहणार नाहीत. त्यांना एकटीला भीती वाटते गं. कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. विचारलं की संपलं. हे बचतीचं सोंग आहे म्हणून बरं चाललंय आमचं. मला किती वाकडी तोंडं आली, ठाऊक आहे? अकरा. ती बघ, त्या डब्यात, सगळी जपून ठेवलीत. त्यांना हसरं आलं की त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवतात, मग मला वाकडं आलं तर आलं.

तर आता तू लिही, घर चालू आहे. खोटं? खोटं कसं, केर काढतात म्हटलं ना! नियम दाखवू नकोस मला, नियमात पुरावा लागतो हे मलाही कळतं, पण —

थांब. ऐक. भिंतीपलीकडे. मिक्सर! रिकामाच फिरवतायत बघ, रिकाम्या भांड्याचा आवाज असाच खडखडतो. आणि हा रेडिओ. तो पंखा, पाती घासते त्याची, ओळखते मी. सगळं लावलंय की! म्हणजे मागच्या दाराने गेल्या, आणि मी इकडे — अगं, आमचा फ्रिज घुरघुरायचा कधी थांबला गं? तुझं लक्ष होतं? मी भीतीचं बोलले तेव्हा चालू होता का? सांग ना!

झालं. आता तिकडेच बसतात की काय. माझीच जीभ मेली... जाऊबाई! ऐकू आलं हो! पुरे आता, लिहितेय ती!

थांबला मिक्सर.

रेडिओही.

श्श. बोलू नकोस. मागचं दार वाजलं का? आपलं? वाजलं ना? — हो. आल्या. आणि तो तिकडचा पंखा तसाच फिरता ठेवून आल्या बघ, मुद्दाम, तुझ्या मीटरसाठी. चल, ऊठ, ऊठ लवकर. लिहिलंस? "घर चालू." दाखव. बरं. या महिन्यात दोघींना वाकडं पाठव, चालेल. आणि जाताना त्यांच्याकडे बघू नकोस, नमस्कार-बिमस्कार काही नको, तू इथे आलीच नव्हतीस. नाही, हा आपला पंखा नको बंद करूस. फिरू दे. त्यांना बसायचंय. जा.