सफरचंदांत पडलेली बाई

—नाही, बसू नका. त्या खुर्चीवर कागद आहेत, आणि ते हलवायला मला वेळ नाही. उभ्यानेच बोला. बोलून झालंय म्हणा तुमचं, तीनदा झालंय — फोनवर दोनदा आणि आता जिना चढून येऊन तिसऱ्यांदा. तुमची आई फळांच्या गोदामात कामाला होती, पडली, डोक्याला खोक पडली, भरपाईचा दावा केला, तो फेटाळला — आणि खापर कुणावर? माझ्यावर! मालकावर नाही, मुकादमावर नाही, भाषांतर करणाऱ्यावर. छान. म्हणजे साप सोडून भुई धोपटायची.

पुन्हा सांगतो, नीट ऐका. तुमच्या आईशेजारी उभी राहून फळं निवडणारी ती परदेशातून आलेली बाई, ती एकटीच साक्षीदार, आणि तिला फ्रेंचशिवाय काही येत नाही. तिने जबाब दिला फ्रेंचमध्ये. चौकशी करणाऱ्यांना हवा होता इंग्रजीत. आला माझ्याकडे. त्यात वाक्य होतं — एल ए तोंबे दां ले पॉम. शब्द घ्या एकेक. ती पडली. कशात? सफरचंदांत. मी इंग्रजीत काय लिहिलं? ती सफरचंदांत पडली. यात माझ्या पदरचं काय आहे? काना नाही, मात्रा नाही. आणि गोदाम कसलं होतं? सफरचंदांचं! चहूकडे पेट्याच पेट्या. आता मला सांगा, अशा ठिकाणी कुणालाही काय वाटेल?

हो, माहीत आहे. हसू नका — बरं, नसाल हसला. फ्रेंच माणूस 'सफरचंदांत पडला' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की बेशुद्ध पडला. मग तुमचं म्हणणं असं, की आई शीतगृहाचं दार उघडून आत गेली, आतली हवा कोंडलेली, हवा खेळायच्या आधीच तिला आत पाठवली, म्हणून ती बेशुद्ध पडली, आणि पडताना पेटीचा लोखंडी कोपरा लागला. चूक गोदामाची. आणि माझ्या वाक्यामुळे झालं काय, तर बाईचा पाय घसरला, पेटीत पडली, वेंधळी कुठली. मुकादम तेच म्हणत होता, माझ्या कागदाने त्याला साक्ष मिळाली. कळतंय मला. मी काही दगड नाही.

पण तुम्हाला वाटतं तितकं हे सोपं नसतं. तुम्ही म्हणता, 'फेंटेड' लिहायचं, झालं. लिहून बघा ना! 'फेंटेड' म्हटलं की डोळ्यांपुढे येते जुन्या कादंबरीतली नाजूक बाई, रुमाल हातात घेऊन कोचावर कोसळलेली. गोदामातली बाई दुसऱ्या बाईबद्दल असं बोलेल? नाही बोलणार. मग 'पास्ड आउट'. ते बोलीतलं आहे, सहज आहे, पण चौकशीवाला विचारणार — कामावर पिऊन आली होती काय? मग राहिलं 'ब्लॅक्ड आउट'. हे जरा बसतं. डोळ्यांपुढे अंधारी आली, कोसळली — तिच्या तोंडी शोभतं, दारूचा वास येत नाही. अख्खी दुपार गेली माझी त्या एका शब्दात, चहा गार झाला, आणि शेवटी मी 'ब्लॅक्ड आउट' लिहिलं आणि —

काय बघताय?

हो. लिहिलं होतं. मग खोडलं. माझा कागद, माझं पेन, मी खोडलं. विचारणार का कशासाठी? विचारा. नाही विचारलंत तरी सांगतो, म्हणजे जाल तरी इथून. मला थोरली बहीण आहे. शाळेत फ्रेंच शिकवते. मी शिकलो ते यंत्रांच्या माहितीपत्रकांतून, स्क्रू आणि वॉशर भाषांतरित करत. ती शिकली पुस्तकांतून. लहानपणापासून माझ्या वहीवर तिचीच लाल पेन्सिल. त्या दिवशी दुसराच एक शब्द अडला म्हणून तिला फोन केला, आणि बोलता बोलता हे वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, 'ताई, बिचारी सफरचंदांच्या पेटीत पडली बघ.' हसली. इतकी हसली, की फोन लांब धरावा लागला. म्हणाली, 'अरे वेड्या, बेशुद्ध पडली ती! उद्या कुणी ‘त्याने हात वर केले’ म्हणालं, तर पोलिसांनी पकडलं असं लिहिशील का?' आणि घरी पाहुणे होते तिच्याकडे, तर फोन तसाच चालू ठेवून त्यांना सांगितलं तिने — आमचा धाकटा बघा, तीस वर्षं हाच धंदा करतोय! ते सगळे हसले. ऐकू येत होतं मला. चमचे खाली ठेवून हसले.

मग मी शब्द शोधला, म्हटलं ना, दुपारभर शोधला. सापडला. लिहिला. आणि कागद पाकिटात घालताना वाटलं, आता दर भेटीला हे निघणार, ताई म्हणणार — मी नसते तर याने पेटीत पाडली असती बाई. म्हटलं, नाही. गोदाम सफरचंदांचं होतं. शब्दाला शब्द. माझं बरोबर. तुमची आई तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हती, हे खरं आहे, आणि तुम्हाला आवडो न आवडो —

नाही. लिहून देणार नाही. 'माझ्याकडून चूक झाली' असं छापलेला कागद घेऊन कुणीही येईल, मी सही ठोकीन? तीस वर्षांत एका कागदावर दुरुस्तीची सही नाही माझी. अपील करा, दुसरा भाषांतरकार गाठा. तो तुम्हाला नाजूक बाईच लिहून देईल. निघा आता. आणि आईला घेऊन कशाला हिंडता? खाली ती करड्या स्वेटरमधली, तीच ना? मघाशी तुमच्याबरोबर आलेली दिसली खिडकीतून. भर रस्त्यात काय उभी आहे ती? मागून टेम्पो येतोय, हॉर्न वाजवतोय केव्हाचा, सरकत का नाही — अहो, बाई! बाजूला! — वळत सुद्धा नाही. वाजतोय ना हॉर्न, मला वर ऐकू येतोय, तिला —

...

थांबला तो. ड्रायव्हरने उतरून हाताला धरून कडेला घेतलंय तिला. ऐकूच येत नाही का तिला, त्या दिवशी पडल्यापासून? जा तुम्ही, आधी खाली जा. — तुमचा तो छापलेला कागद कशाला उचलताय? राहू द्या तो तिथेच. सही करीन असं म्हटलेलं नाही मी. जा म्हणतो ना!